जित्याचे खोड

रोपवाटिकेच्या कुंपणाशी, ठिबकच्या फाटक्या नळ्यांच्या वेटोळ्यामागे, तो वड निदान पाच-सहा वर्षे पिशवीतच उभा होता. कुठल्याशा वृक्षलागवडीसाठी आलेला. लागवड झाली, फोटो निघाले आणि हा तेवढा उरला. शहाण्या गिऱ्हाइकाने त्याच्याकडे पाठ फिरवली असती. माझे मात्र डोळे लकाकले, कारण उंची करवतीने दोन मिनिटांत घटवता येते, पण मनगटाएवढे खोड वर्षानुवर्षांच्या हालअपेष्टांशिवाय मिळत नाही, एवढे बोन्सायचे ज्ञान मला होते. “हे मरतुकडं कितीला?” असे मी शक्य तितक्या बेफिकिरीने विचारले. “तसंच न्या की सर,” मालक म्हणाला, “फक्त उपटायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.”

त्या ‘फक्त’ला दीड तास लागला. पिशवी फोडून मुळे केव्हाच जमिनीत उतरली होती. खुरप्यावरून कुदळीवर आणि कुदळीवरून पहारीवर मी येईपर्यंत मालकाने खुर्ची सावलीत ओढून दोन चहा संपवले. अखेर जमिनीने झाड सोडले आणि माझी कंबर धरली.

लातूरला आमच्या गच्चीवर पिशवी फाडली, तर तळाशी मुळांची चुंबळ झालेली. वर घागर ठेवावी इतकी गोल आणि घट्ट. ती सोडवून, तृतीयांशाहून जास्त मुळे एका वेळी कापायची नाहीत हा नियम पाळत, मी सहा फुटांचे झाड दीड फुटावर आणले. वडाचा चीक शर्टाला, चष्म्याला आणि दाराच्या कडीला लागला. त्या चिकट कडीवरूनच आईला सुगावा लागला आणि ती वर आली. “आधीच आपल्याकडं सावलीला झाड न्हाई, आन् तू हाय ते तोडूलालास व्हय?” मी तिला जपानी सौंदर्यदृष्टी समजावली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि छाटलेल्यांपैकी सर्वांत जाड फांदी उचलून ती खाली गेली.

पाण्याचा निचरा व्हावा म्हणून विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत घ्यावे, हे मी वाचले होते. पण कापूस-सोयाबीन पिकवणारी काळी कसदार माती दारात असताना मराठवाड्याच्या माणसाने विटा कुटत बसावे, हे मनाला पटेना. उथळ ट्रेमधली ती माती पहिल्या पावसात फुगली, वर डबके साचले, आणि उघडीप पडताच ती आक्रसून कडांपासून सुटली. बोट आत जाईल एवढी भेग, आणि मधोमध वडासकट थापलेली वडी. शेवटी विटा कुटल्याच.

तारेची गोष्ट सांगायला लाज वाटते. मऊ ॲल्युमिनियमची तार साधारण 45 अंशांत गुंडाळावी आणि पावसाळ्यात वाढ जोमात असताना तिच्यावर नजर ठेवावी, असे असते. मी स्लॅबचे गज बांधून उरलेली लोखंडी तार आवळली आणि महालक्ष्म्यांच्या सणाला गावी जाऊन आठ दिवस राहिलो. नंतरही कौतुकाच्या भरात ती तपासायचे राहून गेले. सोडायला गेलो, तेव्हा तार सालीत रुतून बसली होती. वळ अजून आहेत.

उरलेली हौस उन्हाळ्याने फेडली. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच शहरात मी दोन इंच खोलीचा ट्रे दिवसातून दोनदा भिजवत होतो, आणि आमच्या नळाला पाणी येत होते आठ दिवसांनी एकदा. हिने आंघोळीचे पाणी मोजून द्यायला सुरुवात केली, आणि वडाचे तांबे माझ्या बादलीतून वजा होऊ लागले.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. आईने नेलेली फांदी परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर माझ्या कमरेएवढी झाली होती. गल्लीतल्या बायका तिच्याभोवतीच जमल्या. माझ्या वडाला मोजून अकरा पाने होती, पैकी तीन माझ्या पंजापेक्षा मोठी, त्यामुळे बोन्सायपेक्षा ती विटांत खोचलेली पत्रावळच जास्त दिसत होती. पूजा आटोपल्यावर ही गच्चीवर आली आणि उरलेले सूत तिने त्याला गुंडाळले, नेमके तारेच्या वळांवर.

“ह्याला कशाला?” मी विचारले.

“आसू दे की,” जिन्यातून आई म्हणाली, “जित्तं हाय आजून.”