बीआरटी उखडून कोंडी सुटत नाही

पुण्यात नगर रस्ता तुंबला की व्हॉट्सअ‍ॅपवर बीआरटीबद्दल, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेल्या वेगळ्या लेनबद्दल, हा मजकूर फिरू लागतो: ‘बीआरटी परदेशातल्या रुंद रस्त्यांसाठी आहे. इथे तिने दोन लेन फुकट अडवल्या, अपघात वाढवले. आता मेट्रोही आली. उरलीसुरली उखडा, रस्ता मोकळा होईल.’

अरुंद रस्त्यांचं म्हणाल तर बीआरटी लक्ष्मी रस्त्यावर कुणी आणलीच नव्हती. २००६ च्या डिसेंबरात ती कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे आले. सगळे मोठे रस्ते. अहमदाबादसारख्या जुन्या शहरात २००९ पासून बीआरटी धावते आहे.

‘लेन रिकामी’ हे चटकन पटतं, कारण गाडीत अडकलेल्याला शेजारी मोकळा रस्ता दिसत असतो. पण हिशेब माणसांचा करा. दर दोन मिनिटांना एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरली, तर तासाला १,८०० माणसं जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर त्यांना १,२०० मोटारी लागतील, आणि सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला तेवढ्या निघत नाहीत. बसच दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल तर मात्र लेन रिकामी दिसणारच. तिथे बस वाढवायला हव्यात.

अपघातांच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो झटकून चालणार नाही. थांबा रस्त्याच्या मधोमध, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला जाता-येता वाहनांमधून वाट काढायची. झेब्रा पट्टे पुसलेले, पादचारी सिग्नल बंद, वॉर्डन नाही. एखाद्या आजी उजवीकडे बघत बसलेनमध्ये पाऊल टाकतात आणि डावीकडून उलट दिशेने मोटारसायकल येते. फलाट बसच्या मजल्याइतका उंच बांधला, पण बस दीड फूट लांब उभी राहिली की त्याच आजींना त्या फटीवरून उडी मारावी लागते. नवी रचना जुन्या रस्त्याला जिथे जोडायची, नेमकं तिथलंच काम अर्धवट राहिलं. उंच केलेलं क्रॉसिंग, चालू सिग्नल, लेनच्या तोंडाशी सतत एक माणूस, चालकांना नीट प्रशिक्षण: यांचा खर्च काँक्रीटच्या मानाने किरकोळ आहे. तो टाळून सगळा मार्गच मोडीत काढणं मला मुळीच मान्य नाही.

आणि उखडल्यावर काय होतं? कोंडी मुख्यतः चौकात होते. लेन वाढली तरी हिरव्या दिव्याचे सेकंद तेवढेच राहतात. बस पुन्हा डाव्या कडेला येते, थांब्यावरच्या रिक्षांमागे तिरकी उभी राहते, दुचाकी तिला वळसा घालतात आणि मागची अख्खी रांग थांबते.

राहिली मेट्रो. ती नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंतच जाते. वाघोलीच्या माणसाला तिथून पुढे बसच धरावी लागते, आणि ती बस त्याच कोंडीत अडकलेली असते.