नऊ वेळा ‘अज्ञात’

आज दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक तरुण प्राध्यापक आपला शोधनिबंध घेऊन आले. “मॅडम, संदर्भसूची तेवढी नजरेखालून घाला, उद्या पाठवायचा आहे,” असे म्हणून त्यांनी पाने माझ्यापुढे ठेवली. सूचीत ३१ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ९ नोंदींची सुरुवात ‘अज्ञात’ या शब्दाने झालेली होती. अकारविल्हे लावल्यामुळे हे नऊही अज्ञात सूचीच्या डोक्यावर ओळीने बसले होते, आमंत्रण नसलेल्या मंडळींनी पहिलीच पंगत धरावी तसे. मला आधी हसू आले. नववी नोंद वाचल्यावर ते गेले, कारण ती जात्यावरच्या एका ओवीची होती.

माझी आत्या ओव्या म्हणायची. मी शाळेत असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, लोकसाहित्यावर काम करणारी एक मुलगी वही घेऊन तिच्या ओसरीवर आली होती. आत्या दळत होती, कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे झाले होते, आणि ती म्हणत होती:

जात्या तू ईसवरा, तुला वैरन गव्हाची
याद मला येती, माझ्या म्हायेरच्या गावाची

दळण संपल्यावर तिने खुंटा सोडला, हात पदराला पुसले आणि विचारले, “बाई, माझं नाव लिवलंस का?” मुलीने वही पुढे केली. आत्याला वाचता येत नव्हते, तरी तिने नावाच्या जागी बोट ठेवले आणि थोडा वेळ तसेच राहू दिले. पानावर पिठाचा ठसा उमटला. पुढे मी ग्रंथपाल झाले, जुनी नियतकालिके लावताना एका अंकात तीच ओवी मला छापलेली सापडली, आणि तिच्याखाली लिहिले होते, ‘कवी अज्ञात’.

म्हणून मला या शब्दाचा राग आहे. लेखक खरोखर सापडत नसेल तर काय करायचे, हे ठरलेले आहे आणि ते अवघडही नाही. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत लेखकाच्या जागी ‘अज्ञात’ हा शब्द तेव्हाच येतो, जेव्हा मूळ कृतीवरच लेखक म्हणून तसे छापलेले असते. एरवी शीर्षक पुढे सरकून लेखकाची जागा घेते, त्यानंतर वर्ष येते, आणि मजकुरात कंसात शीर्षकाचे पहिले दोनचार शब्द व वर्ष दिले की काम भागते. एमएलए आणि शिकागो या पद्धतींतही नोंद शीर्षकानेच सुरू होते आणि त्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे सूचीत लागते. म्हणजे वाचकाला ती शोधता येते. नऊ अज्ञातांतून वाचकाने कोणता अज्ञात उचलायचा?

पण ही झाली पुढची पायरी. आधी लेखक खरोखर नाही का, हे कोणी पाहायचे? या नऊ नोंदींपैकी तीन शासन निर्णय होते. शासन निर्णयावर कोणत्या विभागाने तो काढला ते ठळक छापलेले असते. तो विभाग हाच त्याचा लेखक, खाली सही करणारे उपसचिव नव्हेत. दोन नोंदी जनगणनेच्या पुस्तिकांच्या होत्या, तिथे संस्थेचे नाव मुखपृष्ठावरच होते. एका नोंदीत तर ‘बी’ या कवीला, ज्यांचे नाव नारायण मुरलीधर गुप्ते हे मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असावे, अज्ञात ठरवले होते. एका अक्षराचे टोपणनाव हेही नावच असते. यांपैकी कशालाही शोध म्हणता येईल इतके कष्ट लागत नाहीत, पान उलटावे लागते.

सातवी आणि आठवी नोंद ‘केसरी’च्या जुन्या अग्रलेखांची होती, आणि इथे मी थोडी नमते घेते. अग्रलेखावर नाव नसते, तेव्हा गोंधळ होणे समजू शकते. पण १२ मे १९०८चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन्ही अग्रलेख बिननावाचेच होते. त्यांबद्दल त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. इंग्रज सरकारने ‘लेखक अज्ञात’ म्हणून फाइल बंद केली नाही, जबाबदार कोण ते पाहिले. अर्थात, संपादक जबाबदार होता एवढ्यावरून प्रत्येक अग्रलेख त्यानेच लिहिला असे संदर्भसूचीत छातीठोकपणे लिहू नये. अग्रलेखाचे शीर्षक, ‘अग्रलेख’ असा उल्लेख, वृत्तपत्राचे नाव आणि तारीख दिली की नोंद पुरी होते आणि खोटीही ठरत नाही.

प्राध्यापक म्हणाले, “मॅडम, पण ओवीला लेखक असतोच कुठे? ती तर सगळ्यांची असते.” हे खरे आहे, मला नाकारता येणार नाही. आत्याला ती ओवी तिच्या आईकडून आली होती, आईला आणखी कोणाकडून. आत्याने गावाचे नाव तेवढे कधी घातले, कधी गाळले. तिला कवयित्री म्हणणे तिलाच पटले नसते. पण गाणारी होती ना? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव नोंदले गेले. त्यांना जे लाखाच्या बाबतीत जमले, ते आपल्याला एका ओवीच्या बाबतीत जड जाते.

मघाशी मी फारच चिडून लिहिले, हे आता वाचताना जाणवते आहे. त्या वहीवाल्या मुलीने नाव लिहिले होते, मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते वहीतून छापखान्यापर्यंतच्या वाटेत कोणी गाळले, कोण जाणे. कदाचित तिने स्वतःच जपून गाळले असेल. सासरच्या जाचाच्या ओव्या म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना नाव छापलेले नको असते, आणि त्यांचे ऐकलेच पाहिजे. मात्र तिथे ‘गाणारीच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही’ असे लिहावे. नाव राखून ठेवणे वेगळे आणि माहीत नसणे वेगळे. आत्याने तर विचारून घेतले होते. (तिचे नाव मी इथे लिहिलेले नाही, कारण तिच्या मुलांना विचारलेले नाही. तिला ते वहीत हवे होते, फेसबुकवर नव्हे.)

संध्याकाळपर्यंत बसून आम्ही आठ नोंदी नीट केल्या. नववीसाठी त्यांनी ज्या संग्रहातून ओवी घेतली होती तो कपाटातून काढला, तर मागच्या परिशिष्टात गाणारीचे नाव, गाव आणि ओवी उतरवून घेतल्याचे वर्ष असे सगळे होते. प्राध्यापक ओशाळले. मग पेन उचलून त्यांनी विचारले, “मॅडम, सूचीत आडनाव आधी येते. परिशिष्टात हिची दोन्ही दिलेली आहेत, माहेरचे आणि सासरचे. कोणते घेऊ?”

मला आठवले की त्या मुलीने नाव विचारल्यावर आत्याने आधी माहेरचे सांगितले होते, मग आत स्वयंपाकघराकडे पाहून सासरचे. मी त्यांना म्हटले, दोन्ही लिहा.