मोलियागुलचा स्तंभ 'नुसता दगड' नाही

सुट्ट्या जवळ आल्या की मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळींत एक मजकूर फिरायला लागतो: व्हिक्टोरियात कुठे कुठे पेट्रोल जाळू नये. त्यात मोलियागुल गावाजवळचा 'वेलकम स्ट्रेंजर' स्तंभ हमखास असतो; याच नावाचा सोन्याचा प्रचंड गोटा जिथे सापडला, तिथली ही खूण. म्हणणं असं की खरा सोन्याचा गोटा मेलबर्नच्या संग्रहालयात आहे, त्याहून मोठा गोटा होल्टरमनचा होता, सापडला तोही निव्वळ नशिबानं, आणि स्तंभ तर 28 वर्षांनी उभारलेला. म्हणजे वारसा म्हणून किंमत शून्य. त्यापेक्षा सॉव्हरिन हिलला, म्हणजे सोन्याच्या काळासारख्या उभारलेल्या पर्यटन-गावाला जा.

पहिलाच मुद्दा साफ चूक आहे आणि बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. मेलबर्नच्या जुन्या ट्रेझरीच्या इमारतीत दिसते ती प्रतिकृती. खरा गोटा जगात कुठेच नाही. 5 फेब्रुवारी 1869 ला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना तो बुलडॉग गली नावाच्या घळीत एका झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर खोल सापडला. जवळच्या डनॉली गावातल्या बँकेत नेला तर तोलायला एवढा मोठा तराजूच नव्हता. मग आर्चिबाल्ड वॉल्स नावाच्या लोहारानं तो ऐरणीवर फोडला. शुद्ध सोनं भरलं सुमारे 72 किलो, म्हणजे आपल्या हिशोबात सहा हजार तोळ्यांवर. बँकेनं नऊ हजार पौंडांहून जास्त मोजले, सोनं वितळवलं आणि त्याच महिन्यात लंडनच्या वाटेला लावलं.

फोडण्याआधी कुणी फोटोसुद्धा काढला नव्हता. जी चित्रं आहेत ती आठवणीतून काढलेली, आणि प्रतिकृतीही अशाच आधारावर. तेव्हा संग्रहालयात असते ती नक्कल. अस्सल असं उरलं आहे ते त्या माळावरच, आणि ते कुठे हे सांगणारी खूण म्हणजे हा स्तंभ. 'सोनं तिथे नाही' हे स्तंभाच्या विरुद्ध म्हणून सांगतात. मला तर तेच त्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण वाटतं.

होल्टरमनचं थोडक्यात. 1872 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या हिल एंडला निघालेला तो तुकडा 286 किलोंचा होता हे खरं, आणि त्यातलं नुसतं सोनं मोजलं तरी जास्तच भरेल. पण तो खाणीतून फोडून काढलेला खडक, सोनं त्यात विखुरलेलं. सोडणासकट नारळ आणि सोललेला नारळ एका तराजूत कसे घालणार? शेवटी तोही कुटून वितळवलाच.

आता नशीब. घबाड लागलं हे कोण नाकारतंय? पण हे दोघं वाट चुकून तिथे पोचलेले प्रवासी नव्हते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडची ही माणसं सोन्यासाठी समुद्र ओलांडून आली होती आणि गोटा सापडायच्या आधी कित्येक वर्षं माती धुवत होती. गोल खंदकात माती आणि पाणी टाकायचं, घाण्याच्या बैलासारखा घोडा फिरवायचा, त्याला जोडलेल्या दंताळ्यानं चिखल घुसळायचा आणि जड सोनं तळाशी बसायची वाट बघायची. गोटा सापडायच्या काही दिवस आधी डीसनला पिठाची गोणीसुद्धा उधार मिळाली नव्हती, अशी गोष्ट सांगतात. व्हिक्टोरियाचं सोन्याचं उत्पादन 1856 मध्ये शिखराला पोचलं होतं, सुमारे 30 लाख औंस. 1869 पर्यंत खोल खाणी आणि भांडवलदार कंपन्यांचे दिवस आले होते. अशा काळात घोडा, फावडं आणि एक भागीदार यांवर तगून राहिलेल्या माणसांची ही खूण आहे. बडे खाणमालक बँकांच्या इमारती मागे ठेवून गेले. यांच्यासाठी असं काय आहे?

28 वर्षांचा उशीर? स्तंभ 1897 चा. तेव्हा दोघंही हयात होते: ओट्स 1906 मध्ये गेला, डीसन 1915 मध्ये. डीसनचे बरेचसे पैसे गुंतवणुकीत बुडाले, तरी तो मोलियागुलजवळच शेती करत राहिला. शोध लावणारा माणूस हाकेच्या अंतरावर असताना उभारलेलं स्मारक उशिराचं कसं म्हणायचं? स्तंभ नेमक्या खड्ड्यावर नाही, त्याच्या जवळ आहे, एवढं मात्र मान्य.

एक आक्षेप त्या मजकुरात नाही, पण असायला हवा होता. ही जमीन इथल्या मूळ रहिवासी जा जा वुरुंग लोकांची, आणि सोन्याच्या लाटेनं त्यांचे ओढे, रानं, सगळं उलथंपालथं केलं. सोनं शोधणाऱ्यांना गौरवानं लावतात तो 'पायोनियर' हा शब्द त्यांच्या कानांना कसा लागत असेल? स्तंभाशेजारी त्यांचीही हकीकत ठळक दिसायला हवी. पण त्यासाठीसुद्धा ती जागा जपलेली लागते.

सॉव्हरिन हिल छानच आहे, मुलांना जरूर न्या. मात्र ते 1970 मध्ये खुलं झालेलं, उभं केलेलं गाव आहे. मोलियागुलला जाताना वाट डनॉलीवरून करा. तिथल्या संग्रहालयात ती ऐरण ठेवलेली आहे. तिथून पुढे साधारण 14 किलोमीटर.