पत्रिका जुळेना

‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढं स्क्रीनवर उमटलं आणि आमच्या कॉम्प्युटरने प्राण सोडला. पंचवटीतलं माझं डीटीपीचं दुकान, लग्नसराई ऐन भरात, आणि शेजारच्या स्टुलावर नवरीचे मामा प्रूफ वाचायला बसलेले. “श्रीकृपेकरून काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बघतो.”

त्याचं वयही झालं होतं म्हणा. कोअर २ ड्युओ, २००८ सालचा. कोरल ड्रॉमध्ये गणपती टाकला की सोंडेपासून उंदरापर्यंत यायला त्याला एक कटिंग चहा लागायचा. नुसता प्रोसेसर बदलून भागेल, या आशेने महात्मा गांधी रोडवर गेलो. दुकानातल्या पोराने बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वधूपक्षाला नकार कळवावा तशा हळुवार आवाजात म्हणाला, “काका, सॉकेटच जुळत नाही. बोर्ड बदलावा लागेल. बोर्ड बदलला की रॅम बदलावी लागेल.” छत्तीसपैकी एकही गुण नाही. जुन्यातलं नव्यात काय जाईल? की-बोर्ड आणि मॉनिटर.

आता नवीनच घ्यायचा तर चार जणांना विचारून घ्यावा, ही माझी चूक. नाशिकमध्ये कुठली मिसळ चांगली, एवढंच विचारून बघा. संध्याकाळपर्यंत दोन मित्र एकमेकांशी बोलायचे बंद होतात. मी तर प्रोसेसर विचारला.

आमचे साडू पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागायतदार. ते म्हणाले, “इंटेल. डोळे झाकून.”

“का हो?”

“नाव आहे. डब्यावर स्टिकर असतं.”

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणाला, “मामा, एएमडी. रायझन घ्या. कोअर बघा, म्हणजे आत काम करणारे गडी किती; थ्रेड बघा, म्हणजे ते एका वेळी किती कामं धरतात; वीज किती खातो ते बघा.” साडूंनी त्याच्याकडे, बिनपरवानगीचं औषध फवारणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. “गिगाहर्ट्झ किती ते सांग!”

“काका, गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ठोके किती. नुसत्या ठोक्यांवर नसतं ते. इंटेलचा पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता, पण एएमडीचा २.२ चा अ‍ॅथलॉन त्याच्या बरोबरीला उभा राहायचा. म्हणून तर एएमडीने नाव ३२००+ ठेवलं, लोक आकडाच बघतात म्हणून.”

“म्हणजे २.२ च्या मालावर ३२०० ची चिठ्ठी?” साडूंना एकदम व्यापारी दिसला. पण मग तेच थोडं थांबून म्हणाले, “तसं नुसत्या शुगरवर द्राक्ष जात नाही म्हणा. मण्याची फुगवण बघतात, कडकपणा बघतात.” आपण भाच्याच्या बाजूने बोललो, हे लक्षात आल्यावर त्यांनी विषय पावसावर नेला.

तीन रात्री मी वाचत बसलो. पत्रिकांचे गठ्ठे तसेच, आणि मी प्रोसेसरांची कुळकथा वाचतोय. मला एक गोष्ट मात्र फार घरची वाटली. ही स्पर्धा वगैरे काही नाही, शुद्ध भाऊबंदकी आहे. इंटेल काढणारे रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर फेअरचाइल्ड या कंपनीतून बाहेर पडले १९६८ साली. पुढच्याच वर्षी त्याच फेअरचाइल्डमधून आलेल्या जेरी सँडर्स यांनी मंडळी जमवून एएमडी काढली. एकाच वाड्यातून निघालेले दोघे. पुढे आयबीएमने पीसी काढला आणि म्हणाले, आम्हाला माल एकाच घरून नको, दुसरं घर दाखवा. मग १९८२ मध्ये इंटेलने एएमडीला आपलं वावर वाट्याने कसायला दिलं, म्हणजे आपलेच प्रोसेसर बनवायची परवानगी दिली. ३८६ हा पुढचा प्रोसेसर आल्यावर मात्र इंटेलवाले म्हणाले, हा मळा आमचा. झालं, कोर्ट! एएमडीने आपला ३८६ काढला १९९१ मध्ये. नंबरावर कुणाची मालकी लागत नाही, हे कळल्यावर इंटेलने पुढच्याचं नाव ५८६ न ठेवता पेंटियम ठेवलं. बारसं कशासाठी, तर भावाला तेच नाव ठेवता येऊ नये म्हणून.

गंमत पुढे आहे. २००३ मध्ये त्याच वावरात ६४ बिटांची, म्हणजे एका वेळी दुप्पट लांब आकडे हाताळायची, विहीर खोदली एएमडीने, आणि नंतर पाणी इंटेलनेही त्याच रीतीचं ओढलं. म्हणजे मूळ वावर ह्याचं, विहीर त्याची, आणि दोघंही बांधावर उभे. २००९ मध्ये इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर देऊन भांडण मिटवलं. २०२४ मध्ये दोघे एकाच मंडळात मांडीला मांडी लावून बसले, कारण तिकडून एआरएमवाले, ते मोबाइलमधल्या प्रोसेसरचे, येताना दिसले. आमच्याकडेही परका गडी वावर घ्यायला आला की सख्खे भाऊ बोलायला लागतात.

हे सगळं कळून मला काय घ्यावं, ते कळलं नाही.

साडूंनी परस्पर एक दर काढून आणला. आय५, १२४००एफ. दर बघून मी विरघळलोच. भाचा ओरडला, “मामा, शेवटचं अक्षर बघा! एफ आहे!”

“एफ म्हणजे फास्ट,” साडू म्हणाले.

एफ म्हणजे त्यात डिस्प्लेची सोयच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. सहा कोअर आणि बारा थ्रेड आत जोरात काम करणार, आणि मी काळ्या मॉनिटरसमोर हात जोडून बसणार. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला एकच अक्षर! आमच्याकडे चि. की चि. सौ. कां. यावरून लोक पूर्ण गठ्ठा परत करतात.

शेवटी रायझन ५, ५६००जी घेतला. ह्या जी मध्ये डिस्प्ले आहे. भाच्याने दुकानातच टेबलावर पेपर पसरून जोडणी केली. पंखा बसवला, चारही स्क्रू आवळले, आणि लक्षात आलं की पंखा उलटा बसलाय, वायर पोचत नाही. “काही नाही मामा, काढून फिरवतो.” त्याने पंखा सरळ वर ओढला. पंख्याबरोबर, मध्ये लावलेल्या पेस्टला चिकटून, प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. भाकरी तव्याला चिकटावी तसा. त्याला खाली १३३१ पिना. भिंगातून बघितलं, कोपऱ्यातल्या तीन झोपलेल्या.

दोन तास आम्ही दोघे वाकून. भाच्याने पेन्सिल आणली, ती टिकटिक करणारी, शिसं काढलेली. तिचं टोक पिनेवर घालायचं आणि केसाएवढं उचलायचं. तो उचलत होता, मी टॉर्च धरून श्वास रोखत होतो. जास्त वाकवली तर तुटते, कमी वाकवली तर बसत नाही. तिसरी पीन उभी राहिली तेव्हा बाहेर आरतीची घंटा वाजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती माझ्यासाठी वाजतेय असं वाटलं.

चालू झाला. गणपती टाकला, बोट उचलायच्या आत उंदरासकट आला. मला जरा चुकल्यासारखंच झालं. चहा कधी प्यायचा?

चौथ्या दिवशी साडूंचा फोन. मुलीचं लग्न ठरलं, पत्रिका करायला येतो. आता आली का पंचाईत! बायकोने काही न बोलता जुन्या डब्यावरचं ‘इंटेल इनसाइड’चं स्टिकर नखाने सोललं, कडेला जरा डिंक लावला, आणि नव्या कॅबिनेटवर ठोकून बसवलं. “माझ्या बहिणीच्या घरचं कार्य आहे,” एवढंच म्हणाली.

साडू आले. स्टुलावर बसले. मजकूर लावला, बॉर्डर टाकली, गणपती टाकला. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा स्टिकरकडे, आणि खिशातून चष्मा काढत भाच्याला म्हणाले,

“बघ. याला म्हणतात नाव.”

भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “साडूभाऊ, आहेराबद्दल काय छापायचं?”