‘आठ दिवसांत गुडघा मोकळा’: चोपड्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्यांत लपवून दुसरं औषध मिसळलेलं असू शकतं, हा आमचा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईचा गुडघा तीन वर्षं दुखत होता, आठवडे बाजारातून आणलेल्या चूर्णाने आठ दिवसांत मोकळा झाला, पाकिटावर सरकारचा नंबर आहे, ॲलोपॅथीच्या औषधाने माणसं मरतात तेव्हा आम्ही गप्प बसतो, आणि आम्हाला आयुर्वेदाचं वावडं आहे.

शेवटचे दोन आधी उरकतो. वावडं नाही. चूर्णात वनस्पती आहे याला हरकत कोण घेईल? हरकत आहे ती वनस्पतीच्या आडून आणखी काही घातलेलं असण्याला, आणि त्यात नाव खराब होतं ते चांगल्या वैद्यांचंच. ॲलोपॅथीचं म्हणाल, तर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान मुलं दगावली. तुमचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तिथे बाटलीवर बॅच नंबर होता, म्हणून विष कुठून आलं ते शोधता आलं. तुमच्या पाकिटावर बॅच नंबर आहे का, तेवढं बघा.

आता नंबर. तुम्ही लिहून पाठवलेला आकडा 14 आकडी आहे आणि 2 ने सुरू होतो. हा एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांचा नंबर. परवाना असेल तर पहिला आकडा 1 असतो, लहान धंद्याची नुसती नोंदणी असेल तर 2. शेव-चिवडा करणाऱ्या घरगुती उद्योगालाही हाच मिळतो. तो धंद्याला मिळतो. आतल्या चूर्णाने गुडघा बरा होतो असं त्यातून कोणी प्रमाणित करत नाही. उलट, खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा छापताच येत नाही. म्हणजे एकाच पाकिटावर हा नंबर आणि ‘गाठिया, संधिवात मुळापासून बरा’ हे दोन्ही असेल, तर त्यातलं एक खोटं आहे. कारखान्यात तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, घटकांची यादी, कारखान्याचा पत्ता हे सगळं लागतं. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवून दिलेल्या पुडीला कायद्यात परवान्याची सूट आहे, हे खरं. पण मग तो वैद्य नोंदणीकृत हवा. बाजारात चादर अंथरून बसलेल्याला ती सूट नाही.

आणि आता तुमचा खरा मुद्दा, तो आठ दिवसांचा. गुडघ्याची झीज दर आठवड्याला सारखी दुखत नाही, कमी-जास्त होत राहते. माणूस औषध शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे पुढचा आठवडा तसाही थोडा बरा जातो. शल्लकीसारख्या वनस्पतीने उतार पडला तरी तो काही आठवड्यांत, हळूहळू. दोन-तीन दिवसांत सूज उतरते, भूक खवळते, माणूस शेतात जायला उठतो, हे बघितलं की आमच्या मनात पहिला संशय स्टेरॉइडचा, म्हणजे सूज झटपट दाबणाऱ्या औषधाचा येतो. बहुतेक वेळा डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन, जोडीला डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक. डेक्सामिथासोनची नेहमीची लहान गोळी अर्ध्या मिलीग्रॅमची. अर्धा मिलीग्रॅम म्हणजे मोहरीच्या एका दाण्याहून हलकं. चमचाभर चूर्णात ते मिसळलं तर रंग, वास, चव कशावरूनच कळणार नाही. हाताने ढवळलेल्या ढिगात ते सगळीकडे सारखं पसरतही नाही. एका चमच्यात जास्त जातं, दुसऱ्यात जवळजवळ नाही. ‘काही पुड्या जास्त लागू पडतात’ असं गिऱ्हाईक सांगतं, त्यामागे हेही असू शकतं.

आईकडे नीट बघा. चेहरा गोल झालाय का, गाल भरलेत का? पायावर बोट दाबलं तर खळगा राहतो? झोप उडाली आहे? पूर्वी नसलेली शुगर किंवा बीपी निघालं? शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर ते वेदनाशामकामुळे पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. त्यात थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इथे मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून मूळ लेख पुन्हा चाळला, तर शेवटी मी लिहिलं होतं, ‘अशी पुडी आजच फेका.’ ते वाक्य धोक्याचं आहे, काढून टाकलं आहे. तीन-चार आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड पोटात गेलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. पुडी एकदम बंद केली तर अशक्तपणा, उलट्या, चक्कर, बीपी खाली, कधी जिवावरचं. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात घरचे म्हणतात ‘ऊन लागलं’, आणि कैरीचं पन्हं पाजत बसतात. गुडघाही दुप्पट दुखतो, त्यावरून ‘पुडी किती गुणकारी होती’ असा उलटा पुरावा तयार होतो.

म्हणून पुडी आपल्या मनाने थांबवू नका आणि वाढवूही नका. याच आठवड्यात मेडिसीनच्या डॉक्टरांना दाखवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. किती महिने, दिवसाला किती चमचे, हे कागदावर लिहून न्या. शुगर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), पोटॅशियम आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) या तपासण्यांबद्दल विचारा. कॉर्टिसॉलचं रक्त त्या दिवशीची पुडी घेण्याआधी द्यायचं. ते डेसिलिटरला 3 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर ग्रंथी दबल्याची दाट शक्यता. मात्र पुडीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असेल तर काही यंत्रं त्यालाच कॉर्टिसॉल समजून आकडा फुगवतात, म्हणून पुडीबद्दल डॉक्टरांपासून काही लपवू नका.

चूर्णाचीही तपासणी होऊ शकते. खाद्यपदार्थाचा नंबर छापलाय ना, मग अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून अहवाल घेऊ शकतो. अट अशी की, खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. भर बाजारात ‘हे तपासायला नेतोय’ म्हटल्यावर तो पुडी देईल की गाशा गुंडाळेल, हे तुम्हीच बघा. त्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार सोपी. पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो, ठिकाण, बाजाराचा वार आणि न फोडलेलं एक पाकीट सोबत जोडा. फोडलेल्या पाकिटातलं चूर्णही फेकू नका, डबीत बंद करून डॉक्टरांकडे घेऊन जा.