होमोटॉपी म्हणजे नुसती भोकं मोजणं नव्हे

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज आपल्या कोल्हापुरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, पालकांच्या, मास्तरांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, मला तर एका दिवसात चौघांनी पाठवला. त्यात असं लिहिलंय: "टोपोलॉजीवाल्यांना कप आणि डोनट यातला फरक कळत नाही. होमोटॉपी म्हणजे भोकं मोजणं, चेंडूला भोकच नाही म्हणून तिथं प्रश्नही नाही. शेवटचा प्रश्न पेरेलमननं सोडवला, विषय संपला. उपयोग शून्य. पोरांनो, एमएस्सीला हा पेपर घेऊ नका."

एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्याकडं राजारामपुरीत गणिताला येणाऱ्या एका पोरीच्या वडिलांनी हा मेसेज वाचून तिला पेपर बदलायला सांगितलं आणि ती रडवेली होऊन आली, म्हणून बसून नीट लिहितोय.

पहिलं, कप आणि डोनट. टोपोलॉजी म्हणजे वस्तू न फाडता, न चिकटवता कितीही ताणली-वाकवली तरी तिच्यातलं जे बदलत नाही त्याचा अभ्यास. फरक कळत नाही असं नाही हो, कुठला फरक धरायचा आणि कुठला सोडायचा हे आधी ठरवून घेतलेलं असतं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तेव्हा रंग बघतात, प्रत बघतात, वजन बघतात, गूळ कुणाच्या काहिलीतला हे कोण विचारत नाही, म्हणून काय व्यापाऱ्याला काहिली ओळखता येत नाही असं म्हणायचं का? शिवाय मेसेज लिहिणाऱ्यानं दोन गोष्टींची गल्लत केलीय. कप ताणून डोनट करता येतो ही एक गोष्ट. होमोटॉपीतलं 'सारखं' त्याहून सैल असतं, तिथं जाड मेदूवडा, हातातली बांगडी आणि अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवलेली कागदाची पट्टी ही तिन्ही वर्तुळासारखीच धरतात, आणि ती पट्टी ताणून कधीच बांगडी होत नाही हेही त्याच लोकांनी सिद्ध करून ठेवलंय.

आता होमोटॉपी म्हणजे नेमकं काय, ते रंकाळ्यावर बघा. समजा तुम्ही शालिनी पॅलेसजवळ एक दोरी खुंटीला बांधली, दुसरं टोक हातात घेऊन तळ्याला पूर्ण एक फेरी मारली आणि परत तिथंच आला. आता दोरी जमिनीवरून सरकवत सरकवत गोळा करायची, पण पाण्यावरून न्यायची नाही. जमतच नाही, तळं मधे आडवं येतं. दोन फेऱ्या मारल्या तर दोरीचे दोन वेढे, उलट्या बाजूनं गेलात तर उणे एक. मधेच भेळ खायला दहा पावलं मागं आलात तर त्यानं हिशेब बदलत नाही, कारण तेवढी दोरी सरळ करून घेता येते. म्हणजे चालणं कितीही वाकडंतिकडं असूदे, शेवटी हातात एक पूर्णांक राहतो. हे पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञानं 1895 साली मांडलं आणि इथपर्यंत 'भोकं मोजणं' म्हटलं तरी माझी तक्रार नाही.

पण पुढचं वाक्य साफ चुकीचं आहे, आणि माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. चेंडूच्या पृष्ठभागावर दोरीचा फास टाकला तर तो घसरून सुटतो, बरोबर. दोरीच्या जागी अख्खा गोल गुंडाळला तर परत पूर्णांक मिळतो, तेही ठीक. आता एक मिती वर जा, म्हणजे चार मितींच्या जागेतला जो तीन मितींचा गोल असतो तो आपल्या साध्या चेंडूच्या पृष्ठभागावर गुंडाळायचा. चेंडूचा पृष्ठभाग दोनच मितींचा, त्याच्यात तीन मितींचं भोक असणारच नाही, तर सगळं घसरून एका बिंदूत जायला हवं असं कुणालाही वाटेल.

नाही जात! 1931 साली हाइन्झ हॉफ या गणितज्ञानं असा एक मॅप, म्हणजे वरच्या गोलातल्या प्रत्येक बिंदूला चेंडूवरचा एक बिंदू नेमून देणारा नियम, दाखवला की चेंडूवरच्या प्रत्येक बिंदूवर वरच्या गोलातलं एकेक पूर्ण वर्तुळ येऊन पडतं, आणि त्यातली कुठलीही दोन वर्तुळं घ्या, ती साखळीच्या दोन कड्यांसारखी एकमेकांत एकदाच अडकलेली असतात. चावीच्या दोन रिंगा एकमेकींत अडकवून हातात घ्या आणि त्या न तोडता सोडवून बघा, सुटत नाहीत ना, तेच अडकणं त्या मॅपला बिंदूत मिटू देत नाही. भोक नाही आणि तरी पूर्णांक हजर. मी एमएस्सीला असताना हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि भोकाचा समज काय फक्त मेसेजवाल्याचाच झाला असं नाही. 1932 ला झुरिकच्या गणित परिषदेत एदुआर्द चेक या गणितज्ञानं वरच्या मितींचे होमोटॉपी ग्रुप, म्हणजे गुंडाळण्याचे वेगवेगळे प्रकार आणि ते एकमेकांत मिळवायचा हिशेब, मांडले तेव्हा अलेक्झांड्रोव्ह आणि खुद्द हॉफ या गणितज्ञांना वाटलं की हे ग्रुप कम्युटेटिव्ह निघतात, म्हणजे आधी कुठलं मिळवलं यानं उत्तर बदलत नाही, म्हणजे यात नवीन काही नसणार, मग चेकनं ते फार पुढं नेलं नाही, हुरेविचनं 1935 पासून ते नीट उभं केलं. त्यानंतर चेंडूचे जे ग्रुप निघाले ते बघा: तिसऱ्या मितीत सगळे पूर्णांक, चौथ्यात फक्त 2 घटक, पाचव्यात 2, सहाव्यात 12, सातव्यात 2, आठव्यात 2, नवव्यात 3, दहाव्यात 15. कसला क्रम आहे हा? सेर या फ्रेंच गणितज्ञानं 1951 साली सिद्ध केलं की तिसऱ्या मितीनंतर हे सगळे ग्रुप मर्यादितच असतात, पण सगळ्या मितींचा तक्ता एका दमात देईल असं सूत्र आजही कुणाकडं नाही. साध्या चेंडूचा!

पेरेलमनचं म्हणाल तर त्या माणसाबद्दल आदरच आहे, 2002-03 मध्ये त्यानं पॉइंकारेचा 1904 चा प्रश्न, म्हणजे तीन मितींच्या ज्या बंदिस्त जागेत दोरीचा प्रत्येक फास सुटतो ती गोलच असते का, हा सोडवला, 2006 चं फील्ड्स मेडल नाकारलं, 2010 मध्ये दहा लाख डॉलरही नाकारले. पण तो प्रश्न तीन मितींचा होता आणि सोडवला भूमितीच्या हत्यारांनी, वरचा तक्ता त्यानं एका ओळीनंही पुढं सरकत नाही. चार मितींत गुळगुळीत गोल एकच प्रकारचा असतो का हे अजून माहीत नाही, सात मितींत तर 28 प्रकार आहेत. आणि विषय संपला म्हणता तर रॅव्हेनेलचं 1984 चं टेलिस्कोप कन्जेक्चर, म्हणजे होमोटॉपीतलाच एक न सिद्ध झालेला अंदाज, 2023 मध्ये चौघांनी मिळून खोटं कसं ठरवलं? अलीकडची गोष्ट आहे ही.

उपयोगाचं थोडक्यात. 2016 चं फिजिक्सचं नोबेल थाउलेस, हॉल्डेन आणि कॉस्टर्लिट्झ यांना पदार्थाच्या टोपोलॉजिकल अवस्थांवरच्या कामासाठी मिळालं. आणि एक गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे. कमरेचा चामड्याचा पट्टा घ्या, एक टोक टेबलावर जड वस्तूखाली दाबा, दुसरं टोक एका पुस्तकात घट्ट अडकवा. पुस्तक दोनदा पूर्ण फिरवून पट्ट्याला दोन पीळ द्या. मग पुस्तक न फिरवता, तोंड तसंच ठेवून, पट्ट्याच्या भोवतीनं एकदा फिरवून आणा. दोन्ही पीळ जातात. इलेक्ट्रॉनला स्वतःभोवती एक पूर्ण फेरी दिली तर त्याच्या वेव्ह फंक्शनचं, म्हणजे त्याची अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीचं, चिन्ह उलटतं आणि दुसऱ्या फेरीला मूळ पदावर येतं, ते याच कारणानं, न्यूट्रॉनवर तर 1975 साली प्रयोग करून बघितलंय.

काल ती पोरगी आली तेव्हा तिच्या वडिलांनाही वर बोलावलं आणि त्यांचाच पट्टा मागून घेतला. दोन पीळ गेलेले बघून ते म्हणाले, मग एक पीळही जाईल की. पोरीनं एकच पीळ देऊन पुस्तक भोवतीनं फिरवलं, पीळ उलटा झाला, परत फिरवलं तर सुलटा, सात-आठ वेळा केलं तरी तेच. मग तीच म्हणाली, "बाबा, म्हणजे इथं दोनच उत्तरं आहेत, शून्य नाहीतर एक." वडिलांनी पट्टा तिच्याकडून घेतला आणि स्वतः फिरवायला लागले.