पाव देऊ की अर्धी?

परवा रात्री साडेनऊला चिपळूणहून मावशीचा फोन आला. "अगो, पाव देऊ की अर्धी?" कशाची पाव आणि कशाची अर्धी, मला कळेचना. मग उलगडा झाला. समोर तात्या बसलाय, हातात पॅरासिटामॉलची गोळी आहे, विळीवर तिचे दोन तुकडे झालेत आणि एका तुकड्याचे आणखी दोन करायचे की नाहीत, एवढाच प्रश्न उरलाय.

तात्या हा मावशीचा बोका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं आणि उतरलं, त्यानंतर पडवीच्या माळ्यावर हा एकडोळ्या सापडला, चिखलाने माखलेला आणि सगळ्यांवर फिस्कारणारा. गुरांच्या डॉक्टरांनी दात बघून सात-आठ वर्षांचा अंदाज सांगितला, म्हणजे आता बारा-तेराचा. गेले काही दिवस तो ओट्यावर उडी मारत नव्हता, एक पाय जरा जपून टाकत होता. नेमका त्याच सुमाराला मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला: 'म्हाताऱ्या मांजरांबद्दल डॉक्टर मुद्दाम लपवतात त्या सात गोष्टी'. वर मांजराचा फोटो, खाली जोडलेले हात आणि 'एक प्राणीप्रेमी' अशी सही. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही तेच हजर.

सात गोष्टी अशा. मांजर दहा-बारा वर्षंच जगतं, पुढचे उपचार म्हणजे पैशाची नासाडी. लंगडलं, अंग गरम लागलं तर पाव गोळी पॅरासिटामॉल. मासे-मटण बंद करून दूधभात. पाणी भरपूर पीत असेल तर तब्येत ठणठणीत. घरात कुठेही शू करतं ते सूड म्हणून. म्हाताऱ्या मांजराच्या केसांनी दमा होतो आणि घरातल्या सुनेला दिवस जात नाहीत. आणि सातवी, मांजराला घरात मरायचं नसतं, शेवटी त्याला देवळापाशी किंवा मासळीबाजारात सोडून यावं.

आधी गोळी, कारण बाकी सहा गोष्टींनी नुकसान व्हायला वेळ तरी लागतो.

पॅरासिटामॉल हे मांजरासाठी विष आहे. कमी दिलं तर चालतं, असलं काही नाही. आपलं यकृत या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून ते लघवीवाटे बाहेर काढून टाकतं. या जोडकामाला लागणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मग औषध दुसऱ्या वाटेने मोडतं, त्यातून निघालेले घटक तांबड्या पेशींवर तुटून पडतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकायला लागतं. आता मावशीचा हिशेब करू. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव म्हणजे 125. तात्या चार किलोचा, म्हणजे किलोला 31 मिलिग्रॅम. किलोला 10 मिलिग्रॅम गेल्यावरही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पुष्कळ घरांत 650 ची गोळी असते, तिचा पाव 162. आणि मेसेजमधला प्राणीप्रेमी पुढे म्हणतो, 'फरक न पडल्यास सहा तासांनी पुन्हा द्या.' सहा तासांनी द्यायला मांजर शुद्धीवर असेल का, हा विचार त्याला शिवलेला नाही.

चुकून गोळी पोटात गेलीच असेल तर सकाळची वाट बघू नका. एन-ॲसिटाइलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी. हे औषध माणसांसाठीही वापरतात, त्यामुळे डॉक्टरांना मिळवता येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हे आपल्या डब्यातले बाकीचे गणंगही मांजरापासून लांब ठेवा. मांजरांसाठी वेदनाशामकं असतात, पण ती वजनावर, मूत्रपिंडाची तपासणी करून आणि थेंबांच्या मापात देतात. विळीवर नाही.

आता तात्या लंगडत का होता ते बघू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2002 साली बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांच्या जुन्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. शंभरात नव्वद! मांजर मात्र कुत्र्यासारखं तीन पायांवर चालून दाखवत नाही, कण्हत नाही. ते नुसतं एकेक काम सोडत जातं. आधी कपाटावर चढणं सुटतं, मग ओटा, मग खिडकी. पाठीकडे मान वळेना की कमरेवरचे केस चाटणं सुटतं आणि तिथे गुंते होतात. घरातले म्हणतात, शांत झालाय हो आता, वय झालं.

हा एक अभ्यास ध्यानात ठेवलात तर मेसेजमधली सुडाची गोष्ट तिथेच आडवी होते. मांजराच्या शू-शीच्या ट्रेची कड वीतभर उंच, गुडघे झिजलेले. चढताना दुखतं, म्हणून ते ट्रेशेजारी बसतं. याला सूड म्हणायचं? माझ्या आजोबांना शेवटी रात्री संडासापर्यंत पोचायला उशीर व्हायचा, तेव्हा ते आमचा सूड घेत होते असं कुणी म्हटलं नाही. ट्रेची एक बाजू करवतीने चार बोटं उरेल इतकी कापा, नाहीतर जुनी परात ठेवा, आठवडाभरात फरक दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर मार्ग तुंबलेला असू शकतो. तिथे परात कामाची नाही. त्याच तासाला दवाखाना.

आयुष्याची गोष्ट एका दमात उरकते. अमेरिकेत ऑस्टिनला क्रीम पफ नावाची मांजरी 1967 ते 2005 अशी 38 वर्षं जगली. ती अपवाद, मान्य. पण घरातली मांजरं पंधरा-सोळापर्यंत जाणं ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. अमेरिकी पशुवैद्यांची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत मांजराचं म्हातारपण दहाच्या पुढे *सुरू* होतं. मेसेजवाला तिथेच गाशा गुंडाळायला सांगतोय.

माझी मांजरी जुलै सोळा वर्षं आठ महिने जगली. 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आम्ही तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर. मीटरच्या खोक्यावर मुठीएवढं पिल्लू बसलं होतं, खाली छातीभर पाणी. तारखेवरून नाव पडलं जुलै, चाळीतल्या पोरांनी त्याची जुली केली. तिच्यामुळे मला पाण्याचा मुद्दा पुस्तकात वाचावा लागला नाही. तेरा-चौदाची झाली तेव्हा ती बाथरूमच्या बादलीवर पुढचे पाय टेकून पाणी प्यायला लागली. लप, लप, लप, मिनिटभर. आई कौतुकाने म्हणायची, बघ कशी मस्त पाणी पितेय. आम्ही चार-पाच महिने ते कौतुक केलं. ट्रेमधले मातीचे गोळे लिंबाएवढे होते ते संत्र्याएवढे झाले, तेही दिसलं, पण डोक्यात काही पेटलं नाही.

म्हातारं मांजर एकाएकी खूप पाणी पिऊ लागतं तेव्हा बहुतेक वेळा मूत्रपिंड थकलेलं असतं. लघवी घट्ट करणं त्याला जमत नाही, पाणी नुसतं वाहून जातं, आणि ती तूट भरायला मांजर बादली गाठतं. मधुमेहातही असंच होतं. थायरॉइड वाढला असेल तर वर भूकही राक्षसी आणि वजन मात्र उतरतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंचसं काम थांबलेलं असतं, म्हणून दहा वर्षांनंतर सहा महिन्यांनी एकदा रक्त-लघवी तपासा आणि दर महिन्याला वजन करा. आपण मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरले म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरले.

जुलैला शेवटची अडीच वर्षं एक दिवसाआड त्वचेखाली सलाईन होतं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, मानेमागची कातडी तंबूसारखी वर उचलायची आणि सुई आत. पहिल्यांदा मी सुई आरपार काढून सगळं पाणी माझ्याच मांडीवर सोडलं. तिसऱ्या आठवड्यापासून ती बाटली दिसली की स्वतःच उशीवर येऊन बसायची. शंभर मिलिलिटर गेलं की खांद्यावर बैलासारखं वशिंड यायचं, संध्याकाळपर्यंत ते घरंगळत पुढच्या पायात उतरायचं आणि मग शोषून जायचं. त्या अडीच वर्षांतली दोन तरी चांगली होती. उन्हाच्या पट्ट्यात झोपणं, पट्टा सरकला की सरकणं, बांगड्याचा वास आला की त्याही वयात दारापर्यंत येणं.

बांगड्यावरून आठवलं, दूधभात. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला स्वतःला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसमच्छीतूनच मिळतो. तो नसला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय सैल पडून फुगतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली 'सायन्स'मध्ये छापून आला. दुधाचं म्हणाल तर मोठेपणी बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, हगवण लागते, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याच्या अंगातलं होतं नव्हतं ते पाणीही जातं. आता इथे नाइलाजाने एक कबूल करते. मूत्रपिंडाचा आजार *निदान झालेल्या* मांजराला फॉस्फरस कमी असलेलं खास खाणं देतात आणि त्याचा फायदा होतो. मेसेजमधल्या 'आहार बदला'त एवढा दाणाभर सत्याचा अंश आहे. पण बदल दवाखान्यातून येतो, दूधभातातून नाही. आणि त्या भातावर कांदा-लसणाची फोडणी असली तर तीही तांबड्या पेशींना मारक.

केस आणि सून. यावर मला लिहायचीही लाज वाटतेय. ॲलर्जी खरी आहे. मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेतलं एक प्रथिन केसांना चिकटून घरभर फिरतं, माझा दीर आमच्याकडे आला की पहिल्या पाच मिनिटांत शिंकायला लागतो. दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, मान्य. पण त्यात मांजराच्या वयाचा काय संबंध? दिवस न जाण्याचा तर केसांशी काहीही संबंध नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती वेगळी, ती गर्भारपणातली. त्याची बीजं मांजराच्या विष्ठेतून येतात, तीही साधारणपणे पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन आठवडे, आणि बाहेर पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय ती लागण करू शकत नाहीत. म्हणून ट्रे रोज साफ करावा, गर्भार बाईने तो करू नये, नवऱ्याने करावा. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही लागण होते, पण त्यासाठी कोणी भाजीवालीला गावाबाहेर सोडत नाही.

राहिला मासळीबाजार. आजारी मांजर लपतं, हे खरं. दुबळं झालेलं जनावर अडोसा शोधतं, नजरेआड राहतं. त्यातून लोकांनी 'त्याला घरात मरायचं नसतं' असं काढलं. जुलै शेवटच्या आठवड्यात वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसायची. तिला घर सोडायचं नव्हतं, तिला दुखत होतं. अशा जनावराला, ज्याला ना पळता येतं ना भांडता येतं, कुत्र्यांच्या आणि दांडग्या बोक्यांच्या राज्यात सोडून यायचं आणि त्याला मुक्ती म्हणायचं! कायद्यानेही हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, कलम 11: उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला विनाकारण सोडून देणं. पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. त्या देवळापर्यंतच्या रिक्षालाही याहून जास्त लागतात.

मेसेजात आणखी एक ओळ होती, 'इंजेक्शन देऊन मारणे महापाप'. पापपुण्याचं मला कळत नाही. 2022 च्या मार्चमध्ये जुलैने खाणं सोडलं, तोंडात फोड आले, सलाईनही शोषलं जाईना. डॉक्टर म्हणाले, आता थांबू या. मी म्हटलं, दोन दिवस बघू. ते दोन दिवस मी माझ्यासाठी घेतले, तिचे गेले. नंतर डॉक्टर घरी आले, आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, ती माझ्या मांडीवर गाढ झोपली, मग दुसरं. मला परत तशी वेळ आली तर मी ते दोन दिवस मागणार नाही.

तात्याला मावशीने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. एक्स-रेत दोन्ही कोपरं झिजलेली निघाली, रक्त बरं आहे. थेंबांचं औषध चालू झालंय आणि ओट्याशी दोन पाट एकावर एक ठेवलेत, त्यांवरून तो चढतो. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मी गोळीपुरतं चार ओळींत लिहिलं. एक अंगठा आला, मग कुणाच्या तरी नातीच्या बारशाचे फोटो.

त्या कापलेल्या गोळीचं काय केलंस, असं मी मावशीला विचारलं.

"मीच घेतली. माझा गुडघा दुखतोय चार दिवस, मला कुठे कोण विचारतंय?"